राहायला की भेटीला

टेरा आल्टा, वेस्ट व्हर्जिनिया
९ जानेवारी २०११

चि. विल्डा हिस एमरीदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोन उचलत नाही म्हणून घातलेल्या शिव्याही पोचल्या. खाणीतल्या यंत्रांनी माझे कान नेले हे तुला ठाऊक आहे. फोनवर तू बोलायला लागलीस की खुराड्यात कोल्हा शिरल्यासारखं ऐकू येतं. कागदावर तुझं म्हणणं निदान कळतं तरी.

फुफ्फुसांच्या डॉक्टरची वेळ घेतलीस, बरं केलंस. इथला डॉक्टर छातीला नळी लावतो, मान हलवतो आणि कोळशावर खापर फोडून मोकळा होतो. सरपण आत आणताना हल्ली दोनदा थांबावं लागतं. म्हणून येतो. पण आधीच सांगून ठेवतो, विल्डे, चार-सहा आठवड्यांसाठी येतोय. तुझा सॅल गेल्यापासून घर तुला खायला उठतं, हे मला कळतं. माझी नोरीन गेली तेव्हा मीही भिंतींशी बोलायचो. पण म्हणून बहिणीच्या माडीवर म्हातारपण काढायला मी येणार नाही. एप्रिलात चर्चच्या तळघरात माझा मुलांचा वर्ग सुरू होतो. शिकारीला निघण्याआधी बंदूक कशी धरायची, कुंपण ओलांडताना ती कुठे ठेवायची, हे त्यांना मी नाही तर कोण शिकवणार?

माया आहे तेवढी पुरे, त्यात वाढीव साखर नको.

तुझा,
एमरीदादा

ता. क. नोरीनचं रिव्हॉल्व्हर सोबत आणावं लागेल असं दिसतं.


कॉर्नवेल, न्यू जर्सी
१५ जानेवारी २०११

ती. एमरीदादास विल्डाचा सा. न. वि. वि.

तुझी खोली रंगवून घेतली. खिडकीतून ओढा दिसतो. बकव्हीटचं पीठ मागवून ठेवलंय. धिरडी तुझ्यासारखी जाड नाही जमत मला, पण पोट भरेल. एवढं सगळं मी चार आठवड्यांच्या पाहुण्यासाठी करत नाहीये. दादा, राहायलाच ये ना. त्या डोंगरात तुला रात्री धाप लागली तर कोण ऐकणार? शेजारचा डेलबर्ट? तो तर तुझ्याहून बहिरा.

आणि महत्त्वाचं ते नेहमी ताजा कलमात लिहायची तुझी खोड काही जात नाही. वहिनीचं रिव्हॉल्व्हर इथे कशाला? आमच्याकडे बंदूक म्हटलं की शेजारी पडदे ओढून घेतात. सॅल वीस वर्षं म्हणायचा की चोराच्या भीतीने एखादी घेऊन ठेवू, पण तिच्या परवान्याचे कागद बघूनच चोर बरा वाटायला लागला त्याला. डेलबर्टकडे ठेव आणि मोकळ्या हाताने ये.

रागावलास तरी चालेल, पण ये.

तुझी,
विल्डा


टेरा आल्टा
२१ जानेवारी २०११

चि. विल्डा हिस अ. आ.

डेलबर्टकडे ठेव म्हणतेस. त्याचा टॉबिन तुरुंगातून पॅरोलवर सुटून घरी आलाय. त्या घरात बंदूक सापडली तर पोरगा परत आत. घरात कुलूप लावून ठेवावं, तर या खोऱ्यातलं एकही रिकामं घर नशेच्या गोळ्यांच्या नादी लागलेल्या पोरांनी फोडायचं ठेवलेलं नाही. पहिल्यांदा बंदुका नेतात. उद्या नोरीनच्या रिव्हॉल्व्हरने कुणी दुकानदार मेला, तर मी कुठे तोंड दाखवू? रायफली क्लबच्या तिजोरीत दिल्या, पण तिथे लांब नळीच्याच घेतात. विकून टाक म्हणशील. रात्रपाळी करून ती एकटी या घाटातून घरी यायची, तेव्हा ते तिच्या शेजारच्या सीटवर असायचं. नाही विकणार.

तेव्हा ते घेऊन यायचं तर रीतसर. मी ग्रंथालयात गेलो. तिथल्या मिसेस टीट्सने वाटेतल्या एकेका राज्याच्या पोलिसांना फोन लावला, आणि काय म्हणतात ते मला मोठ्याने सांगितलं. आपल्या इथे ते कमरेला लावून पीठ आणायला गेलो तरी कुणी मान वर करत नाही. अर्ध्या तासावर मेरीलँड लागतं, तिथे तीच वस्तू गुन्हा ठरू शकते. पेनसिल्व्हेनियात गाडीत भरलेलं असेल तर एक कायदा, रिकामं असेल तर दुसरा. तुमच्या न्यू जर्सीत फोन लागला तेव्हा एक बाई म्हणाल्या की रिकामं आणि कुलपात असेल तर हरकत नाही. मिसेस टीट्सने विचारलं, आणि मधे कुठे मुक्काम केला तर? बाई म्हणाल्या, ते अवलंबून आहे. कशावर? तर म्हणे, बघणाऱ्या अधिकाऱ्यावर.

दुपारी पुन्हा फोन केला तर एक गृहस्थ बोलले. ते म्हणाले, वकिलाला विचारा. वकील म्हणाला, मी फक्त वेस्ट व्हर्जिनियाचा वकील आहे.

मग मीच ठरवलं. चार राज्यांतला जो सगळ्यात कडक तो नियम चारही ठिकाणी पाळायचा. रिव्हॉल्व्हर रिकामं, लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, पेटी डिकीत. गोळ्या वेगळ्या डब्यात. किल्ली माझ्या खिशात. याहून जास्त करायचं तर मला ते गिळूनच यावं लागेल.

गुरुवारी निघतो. जेवायला येईन, वाट बघत उपाशी राहू नकोस.

तुझा,
एमरीदादा


कॉर्नवेल
१ फेब्रुवारी २०११

ती. दादास विल्डाचा सा. न. वि. वि.

हे पत्र तुरुंगाच्या पत्त्यावर लिहिताना हात चालत नाही. काल काचेपलीकडे तू नारिंगी कपड्यांत बसला होतास आणि त्या फोनवर तुला माझं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी ओरडत होते, तू मान डोलवत होतास. शेजारची बाई शेवटी मला म्हणाली, अहो, हळू, आमचंही माणूस आत आहे.

तिथे जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते. त्या गुरुवारी संध्याकाळी जेवण गार होत होतं, तुझा पत्ता नाही, आणि फोन वाजला. सरकारी वकिलांच्या कचेरीतला कुणी माणूस होता. आवाज अगदी गोड. एमरी सिस्लर तुमचे भाऊ का, तुमच्याकडे राहायला येतायत का, असं विचारलं. मला वाटलं वाटेत अपघात झालाय, म्हणून घर कुठलं ते विचारतायत. आणि तुझ्यावर चिडलेही होते. मी म्हटलं, तो कसला राहायला येतो, घर जळालं तरी राखेत झोपेल पण बहिणीकडे राहायचा नाही; डॉक्टरला दाखवून परत जाणार आहे. त्याने आभार मानले. तू कुठे आहेस ते नंतर सांगितलं.

दादा, मला माहीत नव्हतं तो काय लिहून घेतोय.

खोकला कसा आहे? औषध देतात का? तुझी वकील मिस अकोस्टा फोनवर भली वाटली. जामिनाचं बघतेय मी.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
विल्डा


४ फेब्रुवारी २०११

चि. विल्डा हिस अ. आ.

हे पत्र आधी इथला शिपाई वाचेल, मग तू. वाचू दे. त्याला कळण्यासारखं साधंच आहे.

नदीवरचा पूल ओलांडून न्यू जर्सीत शिरलो आणि खोकल्याची उबळ आली. डोळ्यांपुढे अंधार. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, नियमाप्रमाणे दिवे लावले. मागून पोलिसाची गाडी आली. पोरगेला अधिकारी, नम्र. त्याने पाणी दिलं, रुग्णवाहिका बोलावू का विचारलं. मग म्हणाला, गाडी ओढून न्यावी लागली तर आत काही धोक्याचं आहे का? इतकी वर्षं मुलांना शिकवत आलो की पोलिसाने विचारायच्या आत आपणच सांगावं, हात दिसतील असे ठेवावे. मी सांगितलं. किल्लीही दिली.

त्याने पेटी उघडली आणि म्हणाला की इतकी नीट ठेवलेली बंदूक त्याने या रस्त्यावर पाहिली नाही. मग गोळ्यांचा डबा उघडला. त्या पोकळ टोकाच्या होत्या. आपल्याकडे खिळ्यांच्या शेजारच्या फळीवर मिळतात त्याच. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, या इथे चालत नाहीत. मग विचारलं, कुठे निघालात? बहिणीकडे. राहायला की भेटीला? मी म्हटलं, भेटीला.

त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, माझ्याकडे बघत. मला वाटलं, माझ्या कानांमुळे विचारतोय. मी मोठ्याने सांगितलं, भेटीला.

आता मिस अकोस्टाने उलगडून सांगितलं. या राज्यातून आरपार जाणाऱ्याला एक सूट आहे. एका घरातून दुसऱ्या घरी बिऱ्हाड हलवणाऱ्याला दुसरी, आणि त्यात त्या गोळ्यांचंही निभलं असतं. बहिणीला भेटायला येणाऱ्याला कुठलीच नाही. गुन्हा शाबीत झाला तर किमान तीन वर्षं, आणि त्यात न्यायाधीशाच्याही हातात फारसं काही नाही. त्या पोराने मला दार उघडून दिलं होतं, विल्डे. मी ते त्याच्या तोंडावर लावलं.

तू त्या माणसाला जे सांगितलंस ते खरंच होतं. त्याचं ओझं घेऊ नकोस. औषध देतात, वेळेवर नाही.

तुझा,
एमरीदादा


कॉर्नवेल
२७ फेब्रुवारी २०११

ती. दादास सा. न. वि. वि.

जामिनावर सुटलास आणि माझ्या फाट्यावरून सरळ घरी निघून गेलास. एक वेळचं जेवलासुद्धा नाहीस. डॉक्टरांची वेळ तू आत असतानाच टळून गेली. पुढची जूनमधली मिळतेय. ठीक आहे, भांडण नंतर.

मी मिस अकोस्टाला भेटून आले. ती म्हणते, सगळी केस त्या एका शब्दावर उभी आहे. तू राहायला येत होतास हे दाखवता आलं तर ती लढेल. खोली मी रंगवली होती की नाही? पीठ मागवलं होतं की नाही? मी तीनदा राहायला ये म्हटलं होतं की नाही? मी शपथेवर सांगते की तू कायमचा येत होतास, आणि त्या दिवशी फोनवर मी रागाने काहीबाही बोलले. त्यात खोटं किती आहे, सांग. तुझ्या जिभेवर होतं तेवढंच. तुला धाप लागलेली, तू घाबरलेला, बोलून गेलास भेटीला. कोण नाही जात?

एकदा, दादा, फक्त एकदा, हो म्हण.

तुझी,
विल्डा


टेरा आल्टा
५ मार्च २०११

चि. विल्डा हिस अ. आ.

नाही.

मी घाबरलो नव्हतो. मी भेटीला येत होतो, कारण मला तुझ्याकडे राहायचं नव्हतं. हे तुला लागेल, पण तसंच आहे. तू मला राहायला बोलावलंस आणि मी नको म्हटलं. यातून मी हो म्हटलं असं निघत नाही. इथे सगळे मला हेच सांगतायत. डेलबर्ट म्हणाला, अरे, ज्यांनी असला कायदा केला त्यांच्याशी खरं बोलायचं तुझ्यावर काय कर्ज आहे? पाद्री तेच म्हणाले, जरा गोड शब्दांत. टॉबिन तेवढा म्हणाला, काका, एकदा खोटं बोललात की ते सांभाळत बसावं लागतं, मला विचारा.

तू शपथ घ्यायची नाहीस. मोठा भाऊ म्हणून सांगतोय.

तुझा,
एमरी


कॉर्नवेल
१४ एप्रिल २०११

दादास,

नमस्कार लिहायचा म्हणून लिहिते.

गुन्हा कबूल केलास. मला न सांगता, मी कोर्टात पोचायच्या आत. मी नेसल्या कपड्यांनिशी धावत जिना चढले तर तू खाली उतरत होतास, हातात कागद, आणि मला म्हणालास की गाडी लावायला जागा मिळाली का.

मी शपथपत्रावर सही केली होती. होय, तू नको म्हटलेलं असताना. माझी सही, माझी जीभ, माझी शपथ. तू कोण मला अडवणारा? तुझ्या खरेपणाचा तुला फार गर्व आहे, दादा. आईच्या वेळी असंच केलंस. डॉक्टर म्हणत होते की तिला काही सांगू नका, आणि तू तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलंस. ती तुझे आभार मानून भिंतीकडे तोंड करून झोपली. मला ते अजून दिसतं. आता तू स्वतःच्याच उशाशी बसलास. समाधान झालं?

मला सध्या पत्र लिहू नकोस.

विल्डा


टेरा आल्टा
२ मे २०११

चि. विल्डा हिस अ. आ.

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून थोडे दिवस थांबलो. आता एकदाच लिहितो.

त्या दिवशी सकाळी मिस अकोस्टाने तुझं शपथपत्र मला दाखवलं. ते तिने अजून पुढे दिलेलं नव्हतं. ती म्हणाली, सरकारी वकिलाकडे त्या संध्याकाळचं तुमच्या बहिणीचं बोलणं नोंदलेलं आहे. हे दिलं तर ते तिच्यावरही खटला भरतील. ते तसे आहेत. मी विचारलं, आणि दिलं नाही तर? तर सौदा आहे, म्हणाली. कबुली द्या, ते तीन वर्षांचा आग्रह सोडतील. तुरुंग नाही, देखरेख आणि कायमचा डाग. तुझ्या येण्याची वाट बघितली असती तर तू आत जाऊन बोलली असतीस. तुला मी ओळखतो.

म्हणून घाई केली. खरेपणाचा गर्व असेल, नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी त्यासाठी नव्हतं.

न्यायाधीश म्हातारे, सज्जन. म्हणाले, मिस्टर सिस्लर, तुमच्यासारख्यांसाठी हा कायदा केला नव्हता. मी थांबलो, पुढे काहीतरी येईल म्हणून. पुढे शिक्षा आली.

आईचं म्हणशील, तर तिनेच मला विचारलं होतं.

नोरीनचं रिव्हॉल्व्हर ते वितळवणार आहेत. रायफली क्लबने परस्पर विकल्या, शिक्षा झालेल्या माणसाला बंदुकीला हात लावता येत नाही म्हणून. एप्रिलचा वर्ग झाला. दुसऱ्या कुणी घेतला.

तुझा,
एमरीदादा


कॉर्नवेल
१२ नोव्हेंबर २०११

ती. एमरीदादास विल्डाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी सहा महिने गप्प बसले. लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला राग येतो. तो गेलाय असं नाही.

थँक्सगिव्हिंगला मी एकटीसाठी टर्की भाजणार नाही. तू ये, किंवा मी तिकडे येते. डॉक्टरांची जूनमधली वेळही तू चुकवलीस, ते त्यांच्या दवाखान्यातून कळलं मला. राज्याबाहेर जायला देखरेखीच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, हे कारण असेल तर लिही, मी त्याच्याशी बोलते. खोकला कसा आहे तेही लिही. खरं लिही, ते तुला जमतं.

जेवढा लोभ शिल्लक असेल तेवढा राहू दे.

तुझी,
विल्डा


टेरा आल्टा
६ डिसेंबर २०११

चि. विल्डा हिस एमरीदादाचे अनेक आशीर्वाद.

थँक्सगिव्हिंगला उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा अंथरुणात होतो. आता उठलोय. परवानगी मागितली होती, जूनमध्येही. मिळाली, वेळ टळून गेल्यावर. खोकला वाढलाय. सरपण आता टॉबिन आणून टाकतो.

हरणांच्या शिकारीचा हंगाम होता. इथे या दिवसांत प्रत्येकाच्या गाडीत रायफल असते, तुला आठवत असेल. बंदुकीजवळ दिसलो तर मी सरळ आत जाईन, असं देखरेखीचा अधिकारी सांगून गेलाय. मी विचारलं, जवळ म्हणजे किती? शेजाऱ्याच्या गाडीत मागे लटकलेली असेल आणि मी पुढे बसलो तर? तो म्हणाला, ती तुमची नसेल तर बहुतेक चालेल. मिसेस टीट्सने राज्याच्या कचेरीत विचारलं, ते म्हणाले, बसूच नका. मिस अकोस्टाला लिहिलं. तिने कळवलं की ते कोर्टावर अवलंबून आहे.

म्हणून मी कुणाच्याच गाडीत बसत नाही. माझी गाडी थंडीत सुरू होत नाही. नोव्हेंबरात औषध आणायला चालत गेलो, येताना बर्फ लागला. डेलबर्ट थांबला, मागे रायफल होती, मी नको म्हटलं. पाद्री थांबले, त्यांच्याही गाडीत होती. पुलाच्या चढावर धाप लागून कठड्याला टेकलो, तेवढ्यात शेरीफची गाडी आली. वेस्ली बोल्यार्ड. माझ्या वर्गात होता, आता उपशेरीफ झालाय. काच खाली करून म्हणाला, मिस्टर सिस्लर, बसा आत, मरायचंय का? मी आत डोकावलो. दोन सीटांच्या मधे त्याची शॉटगन उभी होती. मी म्हटलं, वेस्ली, ती तिथे असताना मला बसता येणार नाही. तो हसला. म्हणाला, अहो, मीच पोलीस आहे. मी म्हटलं, मागे भेटला तोही पोलीसच होता, चांगला होता.

मग तो हसायचा थांबला. त्याने पुन्हा आग्रह केला नाही. दिवे लावून तो माझ्यामागून गाडी चालवत राहिला, माझ्या पावलांच्या वेगाने, माझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत. वाटेत मी जितक्यांदा थांबलो, तितक्यांदा तोही थांबला. लोक खिडक्यांतून बघत होते. त्यांना वाटलं असेल, मला पकडून नेतायत.

त्याच रात्री ताप भरला. एवढंच.

तुझा,
एमरीदादा